टिकंल असं लपवावं

काल सकाळी फोनवर एक फोटो आला. काळ्या रानात गळ्याएवढी ज्वारी, तिच्या मधोमध एक कानटोपी आणि कानटोपीखाली माझा चुलतभाऊ बसवराज, म्हणजे आमचा बसू. खाली दोनच शब्द लिहिलेले: 'हुरड्यात आली.' आमच्या पेडगावात एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. येणार का, कधी येणार, किती जण, हे सगळं त्या दोन शब्दांत आलं.

मी तेव्हा विनिपेगमधल्या आमच्या घरासमोरचं बर्फ फावड्यानं बाजूला ओढत होतो. इथे हातमोजे काढल्याशिवाय फोन चालत नाही आणि हातमोजे काढले की बोटं चालत नाहीत. तरी काढले. फोटो मोठा करून कणसांचा रंग बघितला. दाणे हिरवटपणा सोडायला लागले होते, पण पांढरे पडले नव्हते. आत अजून दूध असणार. अशी ज्वारी आठ-दहा दिवस टिकते, मग दाणा कडक होतो आणि हंगाम संपतो. मी बर्फात उभा राहून जळत्या गोवरीचा वास आठवायचा प्रयत्न केला, तर नाकात फक्त थंडी गेली.

इथल्या देशी दुकानात गोठवलेला हुरडा मिळतो. एकदा आणला होता. सुषमानं, माझ्या बायकोनं, तो तव्यावर परतला, वर लिंबू पिळलं, शेव घातली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघता तो संपवला आणि पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही.

हुरडा म्हटला की माणसाला लहानपण आठवावं असा रिवाज आहे. माझ्याकडे ते आहेही: शाळा बुडवून रानात जाणं, दिवसभर हाताला राहणारी काजळी, मास्तरांना त्या काजळीवरूनच सगळं कळणं. पण गेली दोन वर्षं ते सगळं मागे सरकलंय. आता हुरडा म्हणताच एकच हंगाम डोळ्यांपुढे येतो, लुसियाला पहिल्यांदा गावी नेलं तो.

लुसिया आमची मुलगी. ती कोलंबियात जन्मली, सहा वर्षांची असताना आमची झाली आणि त्या हंगामात आठ वर्षांची होती. मी परभणीकडचा, सुषमा नाशिकची, राहतो कॅनडात, लेक कोलंबियाची. हे एका दमात सांगितलं की ऐकणारा नुसता 'बरं बरं' म्हणतो. स्वतःचं का झालं नाही, हा प्रश्न त्याच्या ओठांवर असतो. परभणीचा माणूस तो ओठांवर ठेवत नाही, विचारून मोकळा होतो. मला ते बरं वाटतं.

तिला आणायला आम्ही बोगोटाला गेलो आणि तिथल्या नियमाप्रमाणे महिनाभर राहिलो. डोंगरावरचं शहर, रोज दुपारी पाऊस, भाड्याच्या दोन खोल्या आणि एकमेकांची भाषा न येणारी तीन माणसं. आमचं स्पॅनिश शिकवणीतलं. 'ग्रंथालय कुठे आहे' हे आम्हाला फार छान विचारता यायचं. सहा वर्षांच्या पोरीला ग्रंथालयाशी काय करायचंय? तरी तिसऱ्या दिवसापासून ती आम्हाला आई-बाबा म्हणायला लागली. सुषमा आतल्या खोलीत जाऊन रडली. मी तेव्हा कांदा चिरत होतो, त्यामुळे माझं कुणाला कळलं नाही.

चौथ्या दिवशी बूट घालताना माझ्या पायाला काहीतरी मऊ लागलं. तिकडे मक्याची जाडसर भाकरी खातात, अरेपा म्हणतात तिला. अर्धी अरेपा कागदी रुमालात गुंडाळून माझ्या उजव्या बुटात पार अंगठ्यापर्यंत सारलेली होती. मग आम्ही शोधायला लागलो. उशीच्या अभ्र्यात पाव होता. पडद्यामागे केळ्याचा तुकडा होता. सुषमाच्या पर्समधल्या ज्या कप्प्यात आमचे पासपोर्ट होते, तिथे अर्धं उकडलेलं अंडं होतं. माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर अजून त्याचा डाग आहे.

ती ज्या बालगृहातून आली तिथे कुणाला उपाशी ठेवत नव्हते, हे मला लिहिलंच पाहिजे. तिथल्या बाया मायेच्या होत्या. निरोप देताना त्यांनी तिच्या केसांच्या इतक्या घट्ट वेण्या घातल्या की आठवडाभर सोडवाव्या लागल्या नाहीत. पण बालगृहात येण्याआधीची तिची वर्षं कुणालाच नीट माहीत नव्हती, आणि पोटाला मात्र ती पाठ होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. पोळलेलं तोंड सहा वर्षांचं असलं तर फुंकर जास्तच लांबते.

विनिपेगला दर महिन्याला एक समुपदेशक बाई घरी यायच्या. बाई चांगल्या होत्या, फक्त प्रत्येक वाक्याआधी हसायच्या आणि त्याचा मला वैताग यायचा. त्या म्हणाल्या, सापडलेलं खाणं फेकू नका, रागावू नका, थांबा. आणि एक गोष्ट बघत राहा. ती घेते, ती लपवते, पण मागते का? ज्या दिवशी ती आपणहून 'मला भूक लागली' म्हणेल, त्या दिवसापासून ती या घरात राहायला आली असं समजा.

आम्ही बघत राहिलो. महिने गेले, दोन हिवाळे गेले. ती इंग्रजी शिकली, आमच्या तोंडचं मराठी शिकली, बर्फावर घसरायला शिकली, माझ्यासारखी शिंकायला शिकली. ताट वाढलं तर चाटूनपुसून खायची. ताट वाढायला उशीर झाला तर मुकाट्यानं उठून कपाट उघडायची, आपला हात जगन्नाथ. एकदा शाळेत डबा न्यायला विसरली तर दिवसभर बाईंना बोलली नाही, दप्तराच्या तळातले जुने मनुके खाऊन राहिली. भूक लागली, हे मात्र कुठल्याच भाषेत म्हणाली नाही. आई-बाबा तर तिसऱ्याच दिवशी म्हणाली होती. हाक मारणं सोपं असतं, मागणं अवघड.

मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. तिचा नाही यायचा. आमच्या घरात स्वयंपाक माझ्याकडे आहे. मी सकाळी पोहे करतो, दुपारचा डबा भरतो, संध्याकाळी वरणभात भाजी. इतकं करूनही ज्या पोरीचा उद्याच्या जेवणावर भरवसा बसत नाही, तिला आणखी काय करून घालायचं? कधीकधी वरणाला फोडणी देतानाच मला वाटायचं, आपण हॉटेल चालवतोय. गिऱ्हाईक नेमानं येतं, नेमानं जेवतं आणि बिछान्यात दोन पाव जास्तीचे ठेवतं, कारण हॉटेल कधीही बंद होऊ शकतं.

तिला घेऊन कुठेही निघालो की माझ्या खांद्यावरच्या पिशवीत एक निळी फाईल असते. तिच्यात कोर्टाचा स्पॅनिशमधला निकाल, त्याचा इंग्रजी तर्जुमा, तर्जुमा खरा असल्याचं प्रमाणपत्र आणि ते प्रमाणपत्र खरं असल्याचंही प्रमाणपत्र आहे. लोकांना आपलं मूल आपलं आहे हे सांगायला फाईल लागत नाही. हैदराबादच्या विमानतळावर काचेमागच्या अधिकाऱ्यानं ती सगळी फाईल उलटसुलट चाळली, मग वाकून लुसियाला विचारलं, हे तुझे कोण? ती माझ्याकडे बघत नीट विचार करून इंग्रजीत म्हणाली, "हा स्वयंपाक करतो." अधिकाऱ्यानं शिक्का मारला.

परभणीत मात्र त्या फाईलला कुणी विचारलं नाही. पोरीचा रंग गव्हाळ, केस काळेभोर सरळ, गालाची हाडं रुंद. जिंतूरच्या एसटीतून उतरली म्हटलं तरी चालली असती. स्टेशनबाहेरच्या गर्दीत लोक तिच्याकडे बघेचनात, सुषमाच्या फुगीर जाकिटाकडे बघत होते. बाजारात शेंगदाणे घ्यायला थांबलो तर ओळखीचा दुकानदार म्हणाला, "लेक का? तुमच्यावरच गेली की. कपाळ पार तुमचंच हाय." मी हो म्हणालो. सुषमा माझ्याकडे रोखून बघत राहिली, कारण ते कपाळ तिच्यावर गेलंय असा तिचा दावा आहे.

त्या वर्षी थंडी चांगली पडली होती. परभणीत थंडी पडली की पेपरात पाऱ्याची बातमी येते आणि लोक ती अभिमानानं एकमेकांना वाचून दाखवतात. स्टेशनवर घ्यायला आलेला बसू स्वेटर, मफलर, कानटोपी असा सजून आला होता. "लय थंडी हाय बाबा, लेकराला सांभाळा," असं त्यानं आम्हाला बजावलं. लुसिया बिनबाह्यांच्या झग्यावर उभी राहून उसाचं कांडं चावत होती.

पेडगावात माझी चुलती असते, बसूची आई, आमची काकू. सत्तरी ओलांडलेली, काटकुळी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात कापडात बांधलेलं लिंगायतांचं इष्टलिंग, कमरेला किल्ल्या. काकूनं लुसियाला दारातच धरून डोळ्यांपासून गुडघ्यांपर्यंत न्याहाळलं, "लय वाळकी हाय," एवढाच शेरा मारला आणि नाव ऐकून घेऊन तिथल्या तिथे लुशी करून टाकलं. लुसियाला कोणती भाषा येते, कोणती येत नाही, याची काकूनं फिकीर केली नाही. ती तिच्याशी जे बोलायचं ते पेडगावच्या मराठीत बोलत राहिली आणि दोन दिवसांत लुशी तिच्या मागे मागे हिंडायला लागली.

सकाळी काकू पूजेला बसायची. गळ्यातलं लिंग सोडून डाव्या तळहातावर घ्यायची, पाणी, विभूती, बेलाचं पान, आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसायची. लुसिया समोर मांडी घालून बसे. "आजी गळ्यात काय लपवते?" तिनं मला कुजबुजून विचारलं. मी काही बोलायच्या आत काकूनं ऐकलं. "लपवत न्हाई बाई, जवळ ठेवते," ती म्हणाली आणि उरलेली विभूती पोरीच्या कपाळाला लावली.

तिसऱ्या दिवशी बसूनं रानात आगटी पेटवली. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात गोवऱ्या, वर राखेचा थर, आणि त्या धगीत कणसं खुपसायची. भाजलेलं कणीस गरम असतानाच तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा. मागे हिरवे मऊ दाणे राहतात, त्यांची वाफ तोंडावर येते. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गुळाचा खडा, बांधावरची बोरं. हुरड्याला ताट नसतं. जो चोळतो तो स्वतः खात नाही, दुसऱ्याच्या हातावर घालतो. आगटीभोवती बसलेल्यानं फक्त हात पुढे करायचा.

हे लुसियाला जमेना. बसू हात पुढे कर म्हणत होता आणि ती हात मागे घेत होती. दाणे पोत्यावर ओतून ठेवले तर तिथून ती मुठीनं उचलायची. एक मूठ तोंडात, एक मूठ जाकिटाच्या खिशात. बसूला त्यातलं काही माहीत नव्हतं. "खिशात थंड हुतोय बाई, हातावर घे," तो हसत म्हणत राहिला. सुषमानं माझ्याकडे बघितलं, मी रानाकडे बघितलं. वारं सुटलं होतं, ज्वारीची पानं एकमेकांवर घासून कागदासारखी वाजत होती. इतकं सुंदर सगळं असताना मला त्या एका खिशापलीकडे काही दिसेना.

पाचव्या दिवशी सकाळी अंथरुणं काढताना काकूला गादीखाली भाकरी सापडली. दोन चतकोर भाकरी, वाळून कडक झालेला तो खिशातला हुरडा, आणि तिथून भिंतीपर्यंत मुंग्यांची रांग. काकू ती भाकरी घेऊन सरळ सुषमासमोर येऊन उभी राहिली.

"सूनबाई, लेकराला उपाशी ठेवायलाय का तुमी?"

"नाही हो काकू," सुषमा म्हणाली.

"मंग ही भाकर गादीखाली कामून? माझ्या घरात लेकराला भाकर लपवायची पाळी आली तर माझी इज्जत काय ऱ्हायली?"

मी मध्ये पडलो. समुपदेशक बाईंनी दोन वर्षांत जे जे सांगितलं होतं ते सगळं काकूला सांगायला लागलो. लहानपणी पोटाला बसलेली भीती, ती कशी हळूहळू जाते, आपण कसं थांबायचं असतं. मी बोलतोय आणि काकू भाकरीवरच्या मुंग्या एकेक करून झाडतेय.

"झालं तुझं?" तिनं विचारलं.

"झालं."

"मंग ऐक. मी या घरात आले तवा चौदा वर्षांची व्हते. माझं म्हायेर लांब, हिकडं वळखीचं कुत्रंबी न्हाई. सासू वाईट नव्हती, पोटभर वाढायची. पण वाढल्यावर खायचं येगळं आन् मागायचं येगळं. परक्या घरात भूक लागली म्हणायला जीभ उचलत न्हाई. मी माझ्या पेटीत गूळ ठेवायची, खारका ठेवायची. कुणाला ठाव नव्हतं."

"किती दिवस ठेवत होता?" सुषमानं हळूच विचारलं.

काकू भाकरी तशीच हातात घेऊन आतल्या खोलीत गेली. आम्ही मागोमाग. तिनं भाकरी खाली ठेवली, खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली, वरची लुगडी बाजूला केली आणि तळातून एक फडकं काढून सोडलं. गुळाचा काळपट खडा आणि सात-आठ खारका.

"दिवाळीला नवा भरला," काकू म्हणाली.

बसू दारात उभा होता. "आई, मला कवा बोलली न्हाईस."

"तुला सांगून लपवणं व्हतंय का?"

पन्नासहून जास्त वर्षं. धान्याच्या कणग्यांच्या खोलीची किल्ली जिच्या कमरेला, जिच्या हुकमाशिवाय घरात तांब्या हलत नाही, ती बाई अजून पेटीत गूळ ठेवते. मी दोन वर्षं जिला घालवायची सवय म्हणत होतो, तिचा एवढा मोठा संसार झालेला मी पहिल्यांदा बघत होतो. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. सुनेला आणि दत्तक लेकराला आपण सारखंच सांगतो, हे आता तुझंच घर. सांगितलं की झालं, असं आपल्याला वाटतं.

लुसिया केव्हा आली होती कोण जाणे. ती बसूच्या पाठीशी उभी होती आणि खाली ठेवलेल्या भाकरीकडे बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. चोरी सापडल्यावर मूल कसं उभं राहतं तशी ती उभी होती, पाय दाराकडे वळवून.

"लुशे, हिकडं ये," काकू म्हणाली.

ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. ती आली.

"भाकर ही लपवायची वस्तू हाय का? दोन दिसात बुरशी, वर मुंग्या. लपवायचं तर टिकंल असं लपवावं."

लुसियाला अर्धंच कळलं असावं. मी इंग्रजीत सांगितलं. ती काकूकडे बघत राहिली. आपल्याला रागावत नाहीयेत हे तिला कळायला बराच वेळ लागला.

मग काकूनं बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा शोधून काढला, घट्ट झाकणाचा. तळाला सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला, त्यावर कागद. वर भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, खारका, गूळ. ओलं ठेवायचं नाही. गरम ठेवायचं नाही, आधी निवू द्यायचं. आठ दिवसांनी उघडून हुंगायचं. काकू एकेक नियम सांगत होती आणि पोरगी ऐकत होती. शाळेत इतक्या लक्ष देऊन ऐकताना मी तिला कधी पाहिलं नाही.

"पोळी?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"केळं?"

"न्हाई गं बाई."

"बिस्किट?"

काकूनं जरा विचार केला. "चालतंय. पण पुडा फोडायचा न्हाई."

त्या दिवसानंतर दोघींना कामच मिळालं. काकूनं तिला कणग्यांच्या खोलीत नेलं, ज्वारीत हात कोपरापर्यंत खुपसायला लावला. आत धान्य गार असतं आणि बोटांवर चढतं, लुसिया किंचाळून हसली. तुरीत राख कशी कालवतात, बियाण्याची कणसं वेगळी का टांगतात, कोणतं यंदा खायचं आणि कोणतं पुढच्या साली पेरायचं, सगळं दाखवलं. शेतकऱ्याचं अर्धं आयुष्य साठवण्यातच जातं, हे मी शेतकऱ्याच्या घरात जन्मून विसरलो होतो. तिथे कुणी त्याला आजार म्हणत नाही. "हिच्या हाताला बरकत हाय," काकू शेजारणींना सांगत सुटली. "हिला ठेवायचं कळतंय. न्हाईतर आमची नातवंडं, दिसलं की फस्त."

माझ्या लेकीचं कुणी या गोष्टीसाठी कौतुक करावं, हे मला स्वप्नातही सुचलं नसतं. रोज संध्याकाळी ती डबा उघडून मोजदाद करायची आणि काकू शेजारी बसून हुंगायची, जणू मोठं कोठार तपासतायत. सुषमा ओसरीवरून त्यांच्याकडे बघत बसायची. एकदा म्हणाली, "आपण किती पुस्तकं वाचली रे." आतून ज्वारीच्या भाकरी थापल्याचा आवाज येत होता, रानातून गोवऱ्यांचा धूर येत होता, आणि मला बऱ्याच दिवसांनी काहीच दुरुस्त करावंसं वाटत नव्हतं.

निघायच्या दिवशी परभणीहून नाशिकला जाणारी दिवसाची गाडी होती, सुषमाच्या माहेरी चार दिवस राहून पुढे जायचं होतं. काकू स्टेशनवर आली नाही. मला निरोप जमत न्हाई, म्हणाली. धपाटे, भाकरी आणि चटणीची जड पिशवी तिनं बसूच्या हातात दिली. लुसियाला एकदा पोटाशी धरलं आणि लगेच वळून गुरांना पाणी दाखवायला गेली.

गाडी सुटली. पिशवी सीटखाली सरकवून आम्ही बसलो. सुषमानं सवयीनं लुसियाची पाठपिशवी उघडली, मुंग्या लागल्या नाहीत ना बघायला. आत स्वेटर होता, रंगपेटी होती, वही होती. डबा नव्हता. तिनं कप्पे बघितले, जाकिटाचे खिसे चाचपले, गुंडाळलेले मोजे उलगडले. कुठेच काही नव्हतं. दोन वर्षांत असा एक दिवस गेला नव्हता की त्या पोरीजवळ काही सापडलं नाही. सुषमाचा चेहरा उतरला.

"लुसिया, तुझा डबा राहिला बहुतेक. बसूकाकाला फोन करू?"

"राहिला नाही. मी ठेवलाय," ती खिडकीतून न वळता म्हणाली. "आजीच्या पेटीत. पुढच्या वेळी आपण येऊ तेव्हा लागेल ना."

पेडगावला ती गाडी थांबत नाही. स्टेशनची पाटी आली आणि गेली, पलीकडे ज्वारीचं रान भरभर मागे पळालं. लुसियानं काचेला नाक लावून हात हलवला. कुणाला ते मी विचारलं नाही. आजवर ती जिथून निघाली तिथून सगळं बरोबर घेऊन निघाली होती, कारण परत जायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सुषमा माझ्याकडे बघत होती आणि मी चष्मा पुसत होतो. मला एकच काळजी लागली होती. डबा तिकडे राहिला, मग आता वाटेत हिला भूक लागली तर ही काय करणार?

मानवत रोड गेलं. सेलू गेलं. समोरच्या बाकावर एक म्हातारी बाई मांडीवर बोचकं घेऊन डुलक्या काढत होती. लुसियानं वहीत काहीतरी रंगवलं, खोडलं. मग रंगपेटी मिटली आणि सुषमाचा दंड हलवला.

"आई," ती म्हणाली, पार काकूच्या आवाजात, "लय भूक लागायली."

सुषमा आणि मी एकदम सीटखाली वाकलो आणि आमची डोकी एकमेकांवर जोरात आपटली. पिशवी माझ्या हातात आली, तिचा बंद सुषमाच्या हातात. गाठ सुटेना. दोघंही ओढत होतो, दोघांनाही नीट दिसत नव्हतं. समोरच्या बाईची झोपमोड झाली.

"हळू की बाबा," ती म्हणाली. "लेकरू काय पळून चाललंय का?"

"नाही," मी म्हणालो, आणि दातांनी गाठ सोडवायला लागलो.